हाय उतरवून आणा

अनुसयाबाईंच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला, ही बालाघाटच्या त्या घरातली त्या वर्षीची सगळ्यांत आनंदाची बातमी होती. आदल्या वर्षीच्या शिबिरात डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली आणि "अभी कच्चा है, अगले साल आना" म्हणून त्यांना परत पाठवलं. तेव्हापासून सगळी आळी त्या डोळ्याकडे आढीत घातलेल्या आंब्याकडे पाहावं तशी पाहत होती. शेजारच्या मैनाबाई भिंतीपलीकडून रोज विचारायच्या, "काय वो, पिकला का?" आणि अनुसयाबाई खाली मान घालून, जणू आपल्याच हातून उशीर होतो आहे अशा संकोचाने म्हणायच्या, "होईल जी, देवाच्या मनात असंन त."

घाई होती ती पोथीची. उजव्या डोळ्याने माणूस ओळखू यायचा, अक्षर ओळखू यायचं नाही. लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी आंघोळीनंतर पोथीचा एक अध्याय वाचल्याशिवाय त्यांनी तोंडात पाणी घातलं नव्हतं. आता दोन वर्षं तो अध्याय सूनबाई वाचून दाखवत होती. पुष्पलता गुणी मुलगी. मराठी घरातलीच, पण माहेर रायपूरचं आणि शाळा सगळी हिंदीत, त्यामुळे तिच्या तोंडी 'ळ' म्हणून नव्हताच. तिच्या वाचनात देवाच्या गळ्यातली माळ 'माल' व्हायची आणि कमळ 'कमल'. तेवढं चाललं असतं. पण यशोदेचा बाळ रोज 'बाल' होऊन रांगत यायचा आणि अनुसयाबाईंच्या डोळ्यांपुढे हिंदीतला केस उभा राहायचा. शिवाय चुलीवर दूध असलं की पुष्पलता चार ओव्या गाळायची. अनुसयाबाईंना पोथी पाठ होती, गाळलेली प्रत्येक ओवी काट्यासारखी टोचायची. पण बोलायच्या कशा? आवाज असा, की अंगणातला कावळासुद्धा त्याने कधी उडाला नाही.

तर डोळा पिकला, शिबिराची तारीख लागली, आणि नाव लावायला सासू-सुना दवाखान्यात गेल्या. अनुसयाबाईंचे घरधनी घनश्यामराव जंगल खात्यात बाबू. ते बिरसाला असायचे आणि पंधरा दिवसांनी शनिवारी घरी यायचे. ते त्या दिवशी सोबत असते तर ही गोष्ट सांगण्यासारखी झालीच नसती.

दवाखान्यात मोतीलाल कंपाउंडरने अनुसयाबाईंच्या दंडाला पट्टा गुंडाळला, रबराचा फुगा दाबला, पाऱ्याकडे पाहिलं, परत दाबला, परत पाहिलं आणि मान हलवली.

"हाय है अम्माजी. बहुत हाय है."

अनुसयाबाईंनी पट्ट्याकडे पाहिलं. "हाय?"

"एक सौ नब्बे! हाय में आपरेशन नहीं होता. पहले हाय उतारकर लाइए."

"किसकी हाय है भैया?"

मोतीलाल कानावरची पेन्सिल टेबलाखाली शोधत होता. "आपकी, और किसकी? खानदान में थी क्या किसी को? ये ज्यादातर खानदान से ही आती है." मग त्याने एक कार्ड काढलं. त्यावर तीन चौकोन होते. दर आठवड्याला एकदा यायचं, चौकोन भरून घ्यायचा. तिसऱ्या चौकोनावर मोठ्या डॉक्टरांची सही झाली तरच शिबिराचा नंबर मिळणार, आणि तिथेही आपरेशनच्या आधी दाब एकशे साठच्या खाली भरला तरच आत घेणार. पहिल्या चौकोनात त्याने लाल शाईने लिहिलं: 'बी.पी. हाय'. पुडीत गोळ्या दिल्या. "सुबह-शाम एक-एक. नमक बंद. अगला!"

आपल्याकडे हाय म्हणजे काय हे कोणाला सांगायला नको. कोणाचा जीव दुखवावा, त्याच्या तोंडून 'हाय' निघावी, आणि ती लागावी. दूध नासतं, विहीर आटते. रस्त्याने पुष्पलताने दुजोरा दिला, "आई, आमच्या बडी काकीला पण हाय लागली होती ना. दुभती भैंस मरून गेली."

पण इतकी शिकलेली सरकारी माणसं काचेच्या नळीत पारा चढवून हाय मोजतात, हे अनुसयाबाईंना नवीन होतं. विज्ञान पुढे गेलं म्हणतात ते असं! त्याहून नवीन होती ती मनाला लागलेली गोष्ट. हाय, आणि आपल्याला? ज्या बाईने कधी मोलकरणीलाही अरे-तुरे केलं नाही, मुंगी ओलांडून पाय टाकला, तिच्यावर कोणाची हाय? तीसुद्धा थोडीथोडकी नाही, एकशे नव्वद.

दुपारी त्या वाती वळायला बसल्या. एकेक वात वळायची, एकेक माणूस आठवायचं आणि आपण त्याला काय बोललो ते आठवायचं. सव्वाशे वाती झाल्या तेव्हा दोन नावं निघाली. खानदानातलं नाव एकच होतं: किरनापूरच्या चुलत जाऊबाई, रुख्माबाई.

गुरुवारी, म्हणजे दत्ताच्या उपासाच्या दिवशी, अनुसयाबाई मोटारीने किरनापूरला पोचल्या. सोबत पुष्पलता. रुख्माबाई सुपात डाळ पाखडत होत्या. चहापाण्याचं विचारायच्या आत अनुसयाबाईंनी हात जोडले.

"रुख्मा, त्या अनारशाच्या पिठात दूध म्या टाकलं होतं."

सूप थांबलं. "कोणत्या अनारशाच्या?"

"सासूबाईच्या साठीच्या. तू चुलीकडं गेलती. मले पीठ कोरडं वाटलं. म्या जराकसं दूध टाकलं अन् काही बोलली नाही."

ज्यांनी अनारसे केले असतील त्यांना कळेल. पीठ सैल झालं की अनारसा तुपात पडताच पसरतो आणि विरघळून जातो. 'अनारसा हसला' म्हणतात त्याला. त्या दिवशी शंभर अनारसे एकामागून एक हसले, पाहुण्यांसमोर हसले, आणि पीठ रुख्माबाईंच्या हातचं म्हणून नाव त्यांचं झालं.

"म्हंजे ते तुह्यामुळं हसले?" रुख्माबाई सावकाश उठल्या. "सव्वीस वर्षं झाली अनुसया. सव्वीस वर्षं या गावात मले 'हसरी रुख्मा' म्हणून राह्यले. माह्या पोरीच्या लग्नात अनारसे दुसऱ्याच्या घरून आणले म्या. सव्वीस वर्षं!"

"चुकलं माह्यं. तुही हाय लागली मले. आता काढून घे, बाई. डोळ्याचं आपरेशन अडलं."

रुख्माबाईंनी पदर खोचला. "काढतो ना. चाल."

"कुठं?"

"चाल त सही."

त्यांनी अनुसयाबाईंचं मनगट धरलं आणि समोरच्या घरात नेलं. "अवो, ऐका. हे बालाघाटची आमची जाऊ. सांग, काय टाकलं होतं पिठात?" अनुसयाबाईंनी सांगितलं. मग त्याच्या शेजारच्या घरी. मग गल्ली ओलांडून पलीकडे. अशी सात घरं झाली. तिसऱ्या घरापर्यंत अनुसयाबाईंना सांगायची सवय झाली, पाचव्या घरी रुख्माबाई दुरुस्ती करू लागल्या, "जराकसं नाही, वाटीभर. वाटीभर म्हण." आणि सातव्या घरी एक म्हातारी आजी सगळं ऐकून म्हणाल्या, "मंग ही हसरी कोण, तू का?" अनुसयाबाईंना धरणी दुभंगावी असं वाटलं. पण डोळ्यासाठी माणूस काय नाही करत.

एक मात्र खरं, की उपासाच्या बाईला कोणत्याही घराने रिकामं जाऊ दिलं नाही. कुठे बटाट्याचा चिवडा, कुठे खारे शेंगदाणे, कुठे शिंगाड्याच्या पिठाची खमंग धिरडी. सगळं उपासाचं, शेंदेलोण घातलेलं. अनुसयाबाईंनी ते प्रायश्चित्ताचा भाग म्हणून खाल्लं. निघताना रुख्माबाईंनी डोळे पुसले आणि उपासाच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी हातात दिली. "गेली माही हाय. मनापासून काढली. आता जाय, डोळा करून घे."

आठवड्याने मोतीलालने परत पट्टा बांधला. अनुसयाबाई अगदी निर्धास्त बसल्या होत्या.

"अरे! दो सौ पाँच! अम्माजी, ये तो और बढ़ गया. नमक बंद किया था?"

"एक दाना नहीं खाया भैया," अनुसयाबाई म्हणाल्या, आणि ते त्यांच्या समजुतीप्रमाणे शंभर टक्के खरं होतं. मिठाची बरणी त्यांनी पुष्पलताच्या फळीवर ठेवून दिली होती. अळणी वरण घशाखाली उतरत नाही म्हणून फक्त त्या लोणच्याची फोड घ्यायच्या. दोन वेळा. कधी तीन.

दुसऱ्या चौकोनात लाल शाईत 'बहुत हाय' आलं. शिबिराला पंधरा दिवस उरले.

आता दुसरं नाव. हे जवळचं होतं, म्हणून जास्त अवघड. मैनाबाईंच्या जास्वंदीच्या दोन फांद्या भिंतीवरून या अंगणात आल्या होत्या. दिसेनासं झाल्यापासून अनुसयाबाईंना फुलं शोधत फिरणं जमेना. त्या भल्या पहाटे हात वर करून चाचपायच्या आणि हाताला लागेल ते फूल देवाला. आता फूल या अंगणात लोंबत होतं हे खरं, पण झाड त्या अंगणात होतं हेही खरं. देवाला वाहिलेल्या अशा फुलाचं पुण्य झाड लावणारीचं की तोडणारीचं, यावर पोथीत काही नाही. असलंच तर ते पुष्पलताने गाळलेल्या ओव्यांत असेल.

त्यांनी मैनाबाईंना भिंतीपाशी बोलावलं आणि हलक्या आवाजात सांगून टाकलं.

मैनाबाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "म्हंजे ते बकरी नव्हती?"

"कोणती बकरी?"

"कोणती बकरी म्हणते! महागूजीची! वर्ष झालं, मी त्या मुक्या जनावराले खराट्यानं बदडून राह्यली. महागूजीशी बोलणं टाकलं. संक्रांतीचा तिळगूळ नाही दिला त्याईच्या घरी. अन् फुलं तुमी खाऊन राह्यल्या!"

"खाल्ले नाही जी, देवाले..."

"काहून सांगतलं आता? नसतं सांगतलं त काय बिघडत होतं?" आणि मैनाबाई दोन्ही हातांनी तोंड झाकून ओसरीवर बसल्या. म्हणजे पहा, जिची हाय नव्हतीच तिची आता ताजी, करकरीत हाय तयार झाली. अनुसयाबाईंना कळेना, हाय उतरवायला निघालो की गोळा करायला.

बोलणं ऐकून पलीकडून महागूजी आले, बकरीसकट. साठीचा माणूस, छोट्या लाईनच्या रेल्वे इंजिनावर तीस वर्षं फायरमन. त्यांनी आधी बकरीच्या पाठीवरून हात फिरवत मैनाबाईंना ऐकवून घेतलं, "म्या सांगत होतो. जास्वंदीनं हिचं पोट फुगते. तोंड लावत नाही ते." मग सगळी हकीकत ऐकून कार्ड उजेडात धरलं आणि पोटभर हसले.

"अवो वैनी, कोणाची हाय अन् कोणाचं काय! हे प्रेशर होय, प्रेशर. इंजिनाचं असते तसं. खाली आग, वर पाणी. वाफ कोंडली की काटा चढला. मंग सेफ्टी वाल उघडते, शिटी होते, काटा खाली. आता मले सांगा, तुमी कोणावर कधी ओरडल्या?"

"नाही जी."

"घनश्यामरावावर?"

"अवो माय!"

"हेच त! चाळीस वर्षाची वाफ कोंडून राह्यली. रोज सकाळी एकदा मोकळं ओरडत जा. काटा झरझर खाली येते का नाही पाहा."

अनुसयाबाईंना हे पटलं असं नाही. पण पंधरा दिवसांत डोळा हातचा जायची पाळी, आणि हा माणूस तीस वर्षं वाफेशी वागलेला. दुसऱ्या दिवशी त्या आडामागे लाकडांच्या ढिगापाशी जाऊन उभ्या राहिल्या. पण ओरडायला कोणीतरी लागतं. कावळ्यावर ओरडावं तर तो पितरांचा. लाकडांवर ओरडण्यासारखं लाकडांनी काही केलं नव्हतं. पहिल्या दिवशी नुसतं "अरे" निघालं, तेही आदरार्थी. दुसऱ्या दिवशी खोकला आला. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे मिटले, अनारसे आठवले, सातव्या घरची आजी आठवली, आणि सगळा श्वास एकवटून आरोळी ठोकली, "नारायणाऽऽ!"

पुष्पलता काठी घेऊन धावत आली, "आई! कुठे आहे साँप?" मागोमाग मैनाबाई, अबोला विसरून, खराट्यासकट. आळीतली चार माणसं आडाभोवती जमली आणि अर्धा तास साप शोधत राहिली. नाही म्हणून सांगायचं तर कारण सांगावं लागलं असतं. अनुसयाबाईही मुकाट्याने त्यांच्यासोबत साप शोधत राहिल्या.

शनिवारी घनश्यामराव आले. त्यांनी सगळी हकीकत ऐकली, चष्मा लावला आणि सरकारी कागद वाचायच्या सुरात कार्ड वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

"अगं, हे इंग्रजी होय. हाय म्हंजे उच्च. रक्ताचा दाब उच्च झाला, इतकंच."

अनुसयाबाईंनी पोळी तव्यावर तशीच राहू दिली. "उच्च?"

"हौ."

"मंग चांगलं ना? उच्च कूळ, उच्च विचार..."

"यात नीच असलेला चांगला."

"नीच कसा चांगला?"

घनश्यामराव अडखळले. बांबूच्या कूपाबद्दल, म्हणजे तोडीच्या पट्ट्याबद्दल, विचारलं असतं तर त्यांनी नियमासकट सांगितलं असतं. "आता दाब म्हंजे, रक्त आतून दाबते. पाइपात पाणी दाबते तसं."

"काहून दाबते?"

"ते आमच्या खात्याचं नाही," घनश्यामराव म्हणाले. मग जरा सावरून, "पण तू सात घरी फिरली कशाले? कोणी सांगतलं होतं?"

हे मात्र लागलं. एका इंग्रजी शब्दासाठी सात घरी वाटीभर दूध कबूल केलं! किरनापुरात आता दुधाचं नाव निघालं की आपलं नाव निघणार. अनुसयाबाई त्या दिवशी नवऱ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. महागूजींच्या हिशेबाने ही परत वाफच कोंडली.

आणि गोंधळ तर वाढलाच. शाप नाही, वाफ नाही, उच्च आहे पण चांगलं नाही, पाइप आहे पण पाणी नाही. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, हातपाय जागच्या जागी. मग आजार आहे कुठे? पाऱ्यातच असेल तर त्या पाऱ्यालाच का नाही गोळी देत?

सोमवारी घनश्यामरावांनी रजा टाकली आणि तिसऱ्या चौकोनासाठी त्यांना घेऊन स्वतः दवाखान्यात गेले. मोठे डॉक्टर दौऱ्यावर होते, त्यांच्या खुर्चीवर भंडाऱ्याकडच्या एक डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. मुलीच्या वयाची बाई, मराठी ऐकून अनुसयाबाईंना हायसं वाटलं. पारा एकशे अठ्ठ्याण्णववर थांबला. डॉक्टरीणबाईंनी पुडी मागितली आणि टेबलावर उलटी केली. अर्ध्याहून जास्त गोळ्या तशाच.

"आजी, या संपायला हव्या होत्या."

"उपास असते ना, बाई. सोमवार, गुरुवार, शनिवार. एकादशी, चतुर्थी, प्रदोष. कशात बनवली, कशाचं पीठ लावलं, माहीत नाही. उपासाले कशी घेऊ?"

"आणि उपास नसतो त्या दिवशी?"

"त्या दिवशी काही दुखत नाही. दुखत नसताना औषध काहून घ्यायचं?"

"या दुखण्यात दुखत नाही, हीच याची खोड आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बरं, मीठ?"

"कणभर नाही."

"जेवता कशाशी?"

अनुसयाबाईंनी मोकळेपणाने सांगितलं. साबुदाणा, भगर, शेंगदाणे, शिंगाड्याची धिरडी. आणि रोज रुख्माच्या हातचं लोणचं. "शेंदेलोणाचं आहे, उपासाचं."

डॉक्टरीणबाईंनी टाक खाली ठेवला. "शेंदेलोण म्हणजे मीठच ना आजी?"

"छे वो बाई. मीठ असतं त उपासाले चाललं असतं का?"

मोतीलाल पट्टा गुंडाळायचा थांबला. घनश्यामरावांनी छताकडे पाहिलं. तर्कात कुठे खोट नव्हती. चाळीस वर्षं अनुसयाबाईंनी एकादशीला मीठ वर्ज्य केलं होतं आणि शेंदेलोण खाल्लं होतं. ते मीठ निघालं तर त्या सगळ्या एकादश्या मोडल्या म्हणायच्या. कोणती डॉक्टरीण ते अंगावर घेईल?

"आजी," शेवटी त्या खुर्ची जवळ ओढत म्हणाल्या, "देवाला ते मीठ नसेल. देवाचा कायदा मी बदलत नाही. पण रक्ताला चतुर्थी कळत नाही. खाणीतलं काय, समुद्रातलं काय, रक्ताला दोन्ही सारखंच. आणि ऐका, हे नीट ऐका. दाब असा चढलेला असताना डोळ्याला सुरी लावली तर आत रक्त सुटू शकतं. मग पोथी राहू द्या, या डोळ्याला आत्ता उजेड दिसतो तोही दिसणार नाही."

इतक्या दिवसांत हे कोणी सांगितलं नव्हतं. टेबलावरच्या गोळ्या एकेक वेचून पुडीत भरत अनुसयाबाई म्हणाल्या, "मंग सांगा, काय करू?"

"अळणी सोमवार कधी केलेत?"

"सोळा केले."

"शेंदेलोणसुद्धा नाही?"

"अळणी म्हंजे अळणी, बाई."

"तर आता रोज अळणी सोमवार. गोळी चुकवायची नाही. तुळशीच्या पानासोबत, तीर्थ घेतो तशी घ्या. आणखी एक लिहून देते. दहा दिवस आहेत. सही मी करते, पण त्या दिवशी तुमचा पारा बोलेल." त्यांनी तिसऱ्या चौकोनात सही केली. शिक्का मात्र कपाटात होता आणि कपाटाची किल्ली मोठ्या डॉक्टरांसोबत दौऱ्यावर. त्यासाठी घनश्यामरावांना आणखी तीन चकरा पडल्या. पण स्वतः सरकारी माणूस असल्यामुळे त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

अनुसयाबाईंनी घरी येऊन लोणच्याची बरणी मैनाबाईंना दिली आणि देवापुढे पाणी सोडलं. मग मात्र व्रत म्हणजे व्रत. अळणी वरण, अळणी भाजी, अळणी भगर. तोंडाला चव म्हणून लिंबू पिळायचं, बस. घासागणिक डोळ्यात पाणी यायचं आणि त्या पाण्यातलं मीठसुद्धा गिळू नये म्हणून त्या पदराने पुसायच्या. गोळ्यांनी नाक चोंदलं, दुपारी झोप अनावर व्हायची. पण चुकवली नाही एकही.

शिबिर शाळेत भरलं होतं. वर्गातली बाकं काढून सतरंज्या अंथरल्या होत्या. तपासणीच्या टेबलापाशी मोतीलाल. पट्टा बांधला, फुगा दाबला.

"एक सौ बहत्तर."

बारा जास्त. अनुसयाबाईंचं तोंड उतरलं. धीर द्यायला आलेली माणसं बोलू लागली. महागूजी म्हणाले, एकदा ओरडून घ्या, इथं मैदान मोठं आहे. मैनाबाई म्हणाल्या, माही हाय असंन त या घडीले काढली जी, पाहा, काढली. किरनापूरहून मुद्दाम आलेल्या रुख्माबाई म्हणाल्या, माही त तेव्हाच काढली, ही मैनाचीच राह्यली असंन. मैनाबाई म्हणाल्या, तुमी कोण बोलणाऱ्या? घनश्यामराव कोणत्या अधिकाऱ्याला अर्ज करता येईल ते विचारत होते. पुष्पलता रडत होती. मोतीलालने परत पाहिलं. एकशे अठ्ठ्याहत्तर.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "सगळे बाहेर. फाटकाच्या बाहेर. बकरी कोणाची आहे? तीसुद्धा."

अनुसयाबाई एकट्या भिंतीला टेकून बसल्या. कोणी सल्ला देत नव्हतं, कोणी विचारत नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना कळून घ्यायचं काही उरलं नाही. त्या मनात नाव घेत राहिल्या, आणि केव्हा डोळा लागला ते त्यांनाही समजलं नाही. अर्ध्या तासाने मोतीलालने अगदी हळूच पट्टा बांधला.

"एक सौ चौवन," तो म्हणाला आणि आपणच हसला. "अम्माजी, उतर गई."

आपरेशन झालं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून सात दिवस उताणं निजायचं होतं. हलायचं नाही, शिंकायचं नाही. मैनाबाई फाटकाबाहेर महागूजींना रोज बजावायच्या, "खबरदार तिले काही ओरडाले सांगाल त." पट्टी सुटली, दीड महिन्याने जाड भिंगाचा चष्मा आला. अनुसयाबाईंनी तो चढवला आणि पहिल्यांदा वर पाहिलं. आढ्याला दोन वर्षांची जळमटं लोंबत होती. सूनबाईंनी मान खाली घातली. अनुसयाबाईंनी पोथी उघडली आणि एकही ओवी न गाळता, बोट ठेवून, सबंध अध्याय वाचला.

त्या आठवड्यात त्या डॉक्टरीणबाईंना पेढे द्यायला गेल्या. पारा एकशे पन्नास. अनुसयाबाईंनी समाधानाने विचारलं, "मंग आता उद्यापन कधी करू?"

"कशाचं?"

"या अळणीचं. डोळा झाला, संकल्प पुरा झाला. किती सवाष्णी बसवाव्या लागतील?"

"याला उद्यापन नाही, आजी. गोळी आणि अळणी, जन्मभर. सोडलं की परत चढणार."

अनुसयाबाईंनी पेढ्याचा पुडा मांडीवर ठेवला. सोळा सोमवारांना उद्यापन, चातुर्मासाला उद्यापन, लाख वातींना उद्यापन. बिनउद्यापनाचं असं त्यांनी काही ऐकलंच नव्हतं. "असं कोणतं व्रत असते, बाई? ज्याचं उद्यापन नाही?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन वेळचा स्वयंपाक. त्याचं केव्हा केलं तुम्ही?"

अनुसयाबाईंनी पेढ्याचा पुडा टेबलावर सरकवला. मग हळूच म्हणाल्या, "हौ. ते त राह्यलंच."

घरी येऊन त्यांनी तुळशीच्या पानासोबत गोळी घेतली आणि तांदूळ निवडायला बसल्या. आता खडे दिसत होते.